खूब जोर

“‘मोला’ कुठल्या गावचं गं? ‘मला’ म्हण.”

दुसरीच्या वर्गातला गुरुजींचा तो आवाज, आणि मागून फुटलेलं हसू. कुंताबाईंना पाणी मागायचं होतं. घरच्या पोवारी बोलीतला पहिला शब्द तोंडातून निघाला, वाक्य तिथंच राहिलं. तेव्हापासून पोवारी त्यांच्या उंबऱ्याबाहेर पडली नाही.

आज तो आवाज पुन्हा आठवला, मदतनीस रुख्मिणीच्या हसण्यानं.

कुडव्याच्या अंगणवाडीच्या दारात रेणू उभी होती. बंगालातल्या मालद्याकडची. नवरा फरशी बसवायच्या कामावर. दोघं नुकतीच आलेली. खांद्यावर लेक रिंकू.

“रिंकुर खूब जोर,” ती म्हणाली.

“जोर हाये त चांगलंच हाये,” खिचडी ढवळत रुख्मिणी म्हणाली. “पैलवान बनव तिले.”

ती हसली, बसलेल्या बायाही हसल्या. रेणू पुन्हा पुटपुटली, “खूब जोर.” मग पाठ फिरवून चालू लागली.

सेविका कुंताबाई हातातलं काम टाकून धावल्या. रिंकूच्या कपाळाला हात लावला, तर चुलीवरचा तवा.

“ताप हाये वं हिले! हिच्या बोलीत तापाले जोर म्हणत असन.”

त्यांनी दोघींना स्कूटीवर बसवून दवाखाना गाठला. रिंकू बरी झाली, पुन्हा अंगणवाडीत दुडदुडू लागली. रेणू मात्र मुकी झाली. आली की मान हलवायची, खिचडी घ्यायची, जायची.

“कायले तोंड शिवून बसली ते?” रुख्मिणी कुरकुरली. “मी का मारलं तिले?”

“हासलीस नं.”

“हासल्यानं कोणी मुकं होते का, बाई?”

“होते,” कुंताबाई म्हणाल्या. उद्या पोर पुन्हा तापली, तर ही सांगणार कोणाला, हा घोर त्यांना सुटेना.

त्यांनी नर्सताई दुर्गेश्वरीला गळ घातली आणि दर बुधवारची दुपार मागून घेतली, एकमेकींच्या बोलीतले दुखण्याखुपण्याचे शब्द शिकायला. बाहेरून आलेल्या बाया अंगणवाडीत जमू लागल्या. तापाचा शब्द विचारला, तर राईस मिलवरची छत्तीसगडची बाई म्हणाली, “हमन ‘जर’ कहिथन.” बिहारची म्हणाली, “बोखार.” नर्सताई ओठ हलवत शब्द घोकत होती. रुख्मिणीची जीभ अडखळली तशी सगळ्या तिच्यावर हसल्या.

“हासा, हासा,” ती म्हणाली, “आता माही पाळी हाये.”

रेणू माठाशेजारी बसून होती.

“तू भी बोल ना,” नर्सताईनं म्हटलं. रेणूनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

तो मिटलेला ओठ कुंताबाईंच्या ओळखीचा होता. त्या उठून तिच्याजवळ जाऊन बसल्या. घसा खरंच कोरडा पडला होता. दुसरीतलं ते वाक्य इतकी वर्षं तिथंच दबा धरून होतं.

“रेणू,” त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, “मोला प्यास लगी से.”

रुख्मिणीनं चमकून पाहिलं. “बाई, तुमी पोवारी बोलता?”

कोणीच हसलं नाही. रेणूनं मान वर केली. मग माठावरचं झाकण सरकवलं, पेला बुडवला आणि ओला पेला दोन्ही हातांनी पुढं केला.

“जोल,” ती हळूच म्हणाली. मग पेला कुंताबाईंच्या हाती देत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “जोल नाओ, दीदी.”