ढगांसकट लग्न

लग्नाचा तंबू तोरिलने स्वतःच फोन करून रद्द केला, तेव्हा तिच्या आईने हातातलं लाटणं ओट्यावर आपटलं.

"बर्गनमध्ये? उघड्यावर? अगं, इथे बेडूकसुद्धा छत्री घेऊन बाहेर पडतात!"

"शनिवारी पाऊस नाही, आई."

"सगळ्यांचे फोन पाऊस दाखवताहेत."

"ते जुन्या पद्धतीचे. माझी पद्धत कोरडं म्हणतेय."

तोरिल बर्गन या पावसाळी शहरातल्या हवामान केंद्रात कामाला. उपग्रह वरून अवरक्त किरण, म्हणजे पृथ्वीची उष्णता मोजतो. त्यावरून हवेत किती उंचीवर किती ऊब आणि किती ओल, ते कळतं. पण मध्ये ढग आला की मोजमाप बिघडतं, म्हणून ढगाळ जागेची मोजमापं सरसकट टाकून द्यायची, अशी केंद्राची जुनी रीत. डाग दिसला की अख्खा बटाटा केरात! आणि अटलांटिकवर बिनडागाचा बटाटा मिळतो कधी? डाग कापून चांगला भाग ठेवायची युक्ती तोरिलने काढली होती. वर्षभर चाचणी चालली, अंदाज सुधारले, तरी रोजच्या अंदाजात ती युक्ती वापरायला तिचा साहेब आस्ब्यर्न सही करेना. आस्ब्यर्न म्हणजे ताकही फुंकून पिणारा, लख्ख उन्हात रेनकोट घालणारा माणूस.

"स्वतःच्या लग्नात तंबू नको म्हणण्याइतका भरवसा आहे का तुझा?" त्याने विचारलं होतं.

"आहे!" ती म्हणाली होती, आणि तिची कित्येक वर्षांची मेहनत त्या एका शनिवारावर येऊन टेकली.

शनिवारी सकाळी अर्धी वेणी घातलेली असतानाच तिने उपग्रहाचं अवरक्त चित्र उघडलं. फ्योर्डवर, म्हणजे गावालगतच्या चिंचोळ्या खाडीवर, स्वच्छ काळोखी, ढगाचा पांढरा ठिपका नाही. तिने मांजराला उचलून गिरकी घेतली, धाडकन खिडकी उघडली, आणि बाहेर काहीच नव्हतं. ना फ्योर्ड, ना बाग, ना शेजाऱ्याचं घर. नुसतं दाट धुकं.

नव्या पोरांना ती पहिल्याच दिवशी बजावायची की खाली बसलेलं धुकं पाण्याइतकंच उबदार असतं, या चित्रात ते पाण्यापासून वेगळं दिसत नाही. लग्नाच्या आनंदात बाई नेमकं तेच विसरल्या.

"कोरडं आहे," ती आईला म्हणाली. "दिसत नाहीये, पण कोरडं आहे!"

वरात निघाली. पुढे व्हायोलिनवाला, मागे नवरी, तिच्यामागे भरजरी पोशाखांवर रेनकोट चढवलेल्या मावश्या. व्हायोलिनवाला डोळे मिटून रंगात आला आणि सगळ्यांना घेऊन थेट मेंढ्यांच्या वाड्यात शिरला. सफरचंदाच्या झाडाखालून नवरदेव हाल्वार ओरडत होता, "इकडे! अगं, इकडे!" त्या आवाजाच्या रोखाने वरात पोचली, तेव्हा तिच्यात दोन मेंढ्याही सामील होत्या.

"तोरिल," पाद्रीबाईंनी विचारलं, "या हाल्वारला तू पती म्हणून..."

टप्प! आस्ब्यर्नच्या टकलावर थेंब पडला. मावश्यांच्या रेनकोटाच्या टोप्या एकदम डोक्यावर चढल्या.

"झाडाचा आहे तो!" नवरी किंचाळली. "पानावरचा! पाऊस नाहीये!"

"हे 'हो' समजायचं का?" पाद्रीबाईंनी विचारलं.

"हो! दोन्हीला हो!"

हशा पिकला. तो ओसरेपर्यंत धुकं विरायला लागलं, मग फ्योर्ड दिसला, मग ऊन. रेनकोटात मावश्यांना घाम फुटला. तोरिलचं लक्ष आता कुठे साहेबाच्या कपड्यांकडे गेलं. अंगात रेनकोट नाही, हातात छत्री नाही, पायात कापडी बूट.

"आस्ब्यर्न, कोरडं आहे! आता करशील सही?"

"कालच केली. सोमवारपासून तुझे ढग रोजच्या अंदाजात."

"काल? आणि आज पाऊस पडला असता तर?"

"तर भिजलो असतो. एका दिवसाच्या हवेवरून कुणी असं काही ठरवतं का, वेडे? वर्षभराच्या चाचणीवर केली सही. तंबूचं मी गमतीत म्हणालो होतो. तू खरंच रद्द करशील असं मला काय माहीत!"

तोरिलला हसू आवरेना आणि रडूही. जन्मभर छत्री न सोडलेला हा माणूस तिच्या शब्दावर कापडी बूट घालून आला होता.

"गमतीत?" साईची लापशी वाढता वाढता आईने मान वळवली आणि पळी उगारून ती त्याच्या दिशेने निघाली.

धुक्याने ओल्या झालेल्या गवतातून पळताना आस्ब्यर्नचे कापडी बूट शेवटी भिजलेच.