कालचा पेपर

जिन्यात पाय घसरून ह्यांच्या डोक्याला मार लागला, त्याला पाच महिने झाले. चालणं-बोलणं परत आलं, अक्षरं मात्र गेली ती गेलीच. तीस वर्षं औषधांच्या दुकानात उभा राहिलेला माणूस, पण गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव लागेना. दवाखान्यातल्या बाई आठवड्यातून दोनदा अक्षरं गिरवून घ्यायच्या.

मग महिन्यापूर्वी एका सकाळी ह्यांनी पेपरातला मथळा घडाघडा वाचला. मी इतकी हरखले की बहिणीला, जावेला, खालच्या मजल्यावरच्या शिंप्यालासुद्धा सांगून आले. तेव्हापासून रोज चहाबरोबर बातम्या. दुकानाचे मालकही म्हणाले, सोमवारपासून या.

आज शनिवार. "नवा पूल आज सकाळी वाहतुकीला खुला झाला," ह्यांनी वाचलं. मी दूध घ्यायला दार उघडलं, तर आजचा पेपर पायपुसण्यावर पडलेला, गुंडाळीचा दोरासुद्धा सुटला नव्हता.

"अहो, पूल आज खुला झाला, ते कालच्या पेपरात कसं छापलं?"

ह्यांनी पेपराची घडी घातली. दाढी करताना रेडिओवर बातम्या लावायचा सोस अचानक कुठून आला, ते तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं.

"आणि सोमवारी काय करणार होतात? एखाद्या म्हातारीला भलतीच गोळी दिली असती म्हणजे?"

"खोक्यांचे रंग ओळखतो मी."

"कंपनीने रंग बदलला तर?"

ह्यांनी मान खाली घातली. "पहिल्या दिवशी नुसता फोटो बघून अंदाज बांधला गं. तू केवढी हसलीस. मग कुठल्या तोंडाने सांगणार?"

मला रडूही आलं आणि रागही आला. खरं सांगायचं तर शंका मलाही यायची. पाकिटावरची तारीख विचारली की हे चष्मा शोधायला लागायचे. मीच डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं, कारण ह्यांना वाचता यावं असं मला हवं होतं.

"मालकांना फोन करा."

"तू बोल ना."

"मी नाही. तुम्ही बोला."

नंबर मी लावून दिला. "मला अजून वाचता येत नाही," हे म्हणाले. "खोटं बोललो मी." मग बराच वेळ नुसतं "हो, हो" चाललं.

"काय म्हणाले?"

"वाचता आलं की या म्हणाले. तोवर दुसरा माणूस बघतायत."

ह्यांनी आजच्या पेपरचा दोरा तोडला. मी समोर खुर्ची ओढली. बोटाने मांडीवर अक्षर गिरवत हे म्हणाले, "क..." आणि माझ्याकडे बघितलं.

"तू आत जा."

"का? मी काय केलं?"

"तुझे ओठ आधी हलतात. मी अक्षर सोडून तुलाच बघत बसतो."

मला लागलं ते. पण गेले. स्वयंपाकघरात नळ बंद करून उभी राहिले.

"का... काम." मग, "नाही, पुढे आहे अजून." खुर्ची करकरली.

"कामगार," बाहेरून आवाज आला. "कामगार. बरोबर का गं?"

"मला काय माहीत? पेपर तुमच्यासमोर आहे. तुम्हीच सांगा."

पुन्हा पहिल्यापासून एकेक अक्षर पुटपुटल्याचं ऐकू आलं.

"बरोबर आहे," हे म्हणाले.