आवाजाच्या खोलीचा पत्ता

हेमांगी सबनीस सकाळी नऊला लोकांच्या चिजा सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या आत शिरली, डबा कोनाड्यात ठेवला आणि खिडकी उघडली. बाहेर लोक चिठ्ठ्या घेऊन रांगेत उभे होते. चिठ्ठीवरची प्रत्येक तिरकी रेघ म्हणजे एक दार. पहिली रेघ मात्र इमारतीचं दार नव्हे, दर्शनी दालनाचं. आणि दालन होतं सात दारं आत. ती सात दारं बाहेरच्यांना सांगायची नसत. हेमांगी ती आपल्या मनानं जोडी, पुढची चिठ्ठीप्रमाणे चाले आणि मागितलेली वस्तू आणून देई.

पहिले दत्ताराम पेडणेकर. चिठ्ठी रोजचीच: /आवाज/कुमुद/हसू.

"नाही सापडलं," हेमांगी आतून येऊन म्हणाली.

"बेचाळीस वर्षं बायको मला हसली, आणि तुम्ही चार दिवसांत हरवलंत?"

"पत्ता बरोबर आहे, काका."

"मग? ती गेली, आणि मला अर्धंच आठवतंय आता. उद्या तेवढंही नसेल." त्यांनी चिठ्ठीवर दोन टिंबं काढली. "भाचा म्हणतो, असं लिहिलं की एक दार मागं जाता येतं."

"येतं, पण दालनातल्या दालनात. दालनाच्या मागं लोकांच्या खासगी चिजा असतात."

तिनं हे सांगितलं नाही की मंगळवारच्या आवराआवरीत तिनंच आवाजाची खोली उचलून दालनाच्या भिंतीमागं ठेवली होती. लोकांच्या खिशातल्या चिठ्ठ्या जुन्याच राहतील, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

ती भिंतीमागं गेली. आवाजाच्या खोलीत कुमुदबाई वाल सोलत बसल्या होत्या.

"ह्यांनी चिठ्ठी बदलली नाही ना? नाहीच बदलणार. चप्पलसुद्धा चाळीस वर्षं एकाच फरशीवर काढतात."

"दालनात चला."

"कशी येऊ? बघ तरी."

हेमांगी पाहायला गेली. खोलीच्या जुन्या जागी भिंती सरकत आल्या होत्या. एक माणूस उभा राहील एवढीच फट उरली होती. तिनं छातीवरच्या पट्टीवरून आपलं नाव पुसलं, तिथं 'आवाज' लिहिलं आणि फटीत शिरली. भिंती खांद्यांना टेकल्या. डावा हात तिनं मागं नेला. तो लांबला, भिंतीतून गेला, आणि वालाच्या चिकट बोटांनी तो धरला.

"आता कुणी विचारलं तर?" पलीकडून कुमुदबाईंनी विचारलं.

"माझ्यापर्यंत आले की तुमच्यापर्यंत आले."

"तुला दुखेल गं."

"थोडं."

उजवा हात सात दारं ओलांडून खिडकीपर्यंत पोचला. दत्तारामांनी त्यावर चिठ्ठी ठेवली. दोन टिंबं त्यांनी खोडली होती.

"बाई, हात गार पडलाय तुमचा," ते म्हणाले.

हेमांगी उत्तर द्यायला गेली. तिच्या तोंडून कुमुदबाईंचं हसू निघालं, अख्खं, आणि हातातून खिडकीपर्यंत गेलं. दत्तारामांनी तिचा पंजा आपल्या दोन्ही हातांत धरला, कानाशी नेला, बराच वेळ तसाच ठेवला. मग हळूच सोडला.

रांगेतल्या पुढच्या बाईनं त्यावर आपली चिठ्ठी ठेवली.