भिंगरीचा हर्निया आणि मी शिवलेला पट्टा

माझ्या शिलाई मशीनची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे! खोटा निघाला तर माझ्या सुईत जन्मात दोरा जाणार नाही.

माझी नात दोन वर्षांची. एका जागी ठरायची नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. ती धावायला लागली की तिची सावली मागून धापा टाकत यायची. एकदा आंघोळ घालताना सुनेला दिसलं, पोर रडली की जांघेत लिंबाएवढा फुगवटा येतो, निजली की गायब.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हर्निया आहे. आपोआप जायचा नाही. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करून टाकू."

घरी आल्यावर मी सुनेला म्हटलं, "अगं, तुझ्या नवऱ्याची बेंबी अशीच फुगायची. चार वर्षांचा होईतो गेली की आत! एवढ्याशा जिवाला कशाला कापायचं?"

मी पडले शिंपीण. मऊ कापडाचा पट्टा शिवला, आत चपटं बटण बसवलं आणि बांधला पोरीला. तारीख पुढे ढकलली.

पंधरा दिवस बरे गेले. मग एका सकाळी भिंगरी उठली ती किंचाळतच. पट्टा सोडला तर फुगवटा दगडासारखा, लालबुंद. हात लावू देईना. दोनदा ओकली. मी ताडकन म्हटलं, "सूनबाई, आत्ताच्या आत्ता चल!" गाडी अशी पळवायला लावली की वाटेतली झाडं घाबरून बाजूला झाली.

डॉक्टरीणबाईंनी औषध देऊन पोरीला शांत केलं आणि हळूहळू फुगवटा आत सारला.

"आतडं अडकलं होतं, आजी. बेंबीचा हर्निया बहुतेकदा आपोआप जातो, जांघेतला नाही. आणि पट्ट्यानं तो बरा होत नाही, नुसता झाकला जातो."

दोन दिवसांनी ऑपरेशन झालं. तेवढा पाऊण तास मी तोंडातून शब्द काढला नाही. सून म्हणते, असं आधी कधी घडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. जखम कोरडी ठेवायची, औषध वेळेवर, आणि दोन आठवडे उड्या बंद. भिंगरीला उड्या बंद! तिला बसवून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच गोष्टीला पोर एवढी हसली की पोट धरून रडायला लागली.

स्वयंपाकघरातून सून ओरडली, "आई, हसवू नका हो, टाके दुखतात तिचे!"

"मग सांगू तरी काय?"

"खरं सांगा. तुमचं खरं ऐकून कुणी हसत नाही."

मग मी तिला बाहीचं माप कसं घेतात ते सांगितलं. काज कसं करतात ते सांगितलं. पोर दहा मिनिटांत माझ्या मांडीवर झोपायची. दोन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी जखम पाहून "आता खेळू दे" म्हटलं, तोवर ही टेबलावरून खाली उडी मारून दारात.

आता एवढं एक मी रचलंय. त्या सकाळी "आत्ताच्या आत्ता चल" मी म्हटलंच नव्हतं. मी पट्टा पुन्हा बांधत होते, "थांब गं, जाईल आत" म्हणत. सुनेनं पोर माझ्या हातातून उचलली आणि ती निघाली. मी मागून चपला शोधत धावले.

झाडं मात्र खरंच बाजूला झाली होती.