दाराला चिकटवलेला कागद

बाइंडरीतून परतल्यावर ती नेहमीसारखी मागच्या बाजूने आपल्या खोलीकडे वळली. दिवसभर पुस्तकांचे फर्मे शिवून बोटं आखडली होती, हातांना खळीचा वास होता. खोलीसमोर दीर आणि एक अनोळखी माणूस उभे होते.

“वहिनी, हे कोर्टाचे बेलिफ,” दीर म्हणाला. “महिनाभरात खोली रिकामी करायची आहे. मी लावलेल्या दाव्यात हुकूमनामा झालाय.”

“कसला हुकूमनामा? मला तर कुणी काही कळवलं नाही.”

“समन्स आणलं होतं. तुम्ही घेतलं नाही, म्हणून दाराला चिकटवलं,” बेलिफ हातातला कागद बघत म्हणाला आणि तिच्याकडे न पाहताच निघून गेला.

नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. आधी तिची चूल वेगळी झाली, मग तिला पुढच्या खोल्यांतून मागे हलवलं, मग जाऊ बोलेनाशी झाली. गेल्या वर्षी दिराने दुरुस्तीच्या नावाखाली खोलीचं दारच काढून नेलं, ते परत आलं नाही. तिने जुनी चादर टांगली. विधवेने मिळेल त्यात भागवावं, हे तिला इतक्यांदा ऐकवलं होतं, की तिलाही ते पटल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती एका वकीलबाईंकडे गेली. बाईंनी आठवडाभरात कोर्टातून नकला काढल्या आणि बेलिफाचा अहवाल वाचून दाखवला. “प्रतिवादीने समन्स घेण्यास नकार दिला. सबब पंचासमक्ष राहत्या खोलीच्या दाराला चिकटवले.”

“त्या तारखेला तुम्ही घरी होतात?”

“कामावर होते. हजेरीपटावर सही आहे माझी. पण बाई, माझ्या खोलीला दारच नाहीये.”

वकीलबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

एकतर्फी हुकूमनामा रद्द करावा, असा अर्ज झाला. तारखेच्या दिवशी ती एकटीच बाकावर बसली होती. माहेरून भाऊ येतो म्हणाला होता, आला नाही. अहवालावर पंच म्हणून सही करणारा शेजारचा शिंपी साक्षीला उभा राहिला.

“कागद चिकटवताना तुम्ही पाहिलंत?” न्यायाधीशांनी विचारलं.

“नाही साहेब,” शिंपी म्हणाला. “ दुकानात बसल्या बसल्या सही केली. यांच्या दिरांशी रोजची ओळख, नाही कसं म्हणायचं? आणि वाटलं, बाई एकटीच आहे, कोण विचारायला येणार?”

त्याच्या बोलण्यात वाकडेपणा नव्हता. तेच तिला जास्त लागलं.

हुकूमनामा रद्द झाला. दावा आता तिच्यासमोर, पुन्हा पहिल्यापासून चालणार होता. बाहेर दिराने तिला गाठलं.

“वहिनी, घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणलीत.”

“घरातली असती, तर घरात मला विचारलं असतंत, भाऊजी.”

तो चालू लागला.

“पुढची कागदपत्रं बाइंडरीच्या पत्त्यावर मागवू या का?” वकीलबाईंनी विचारलं. “तिथे निदान हातात तरी पडतील.”

तिने विचार केला. त्या घरात सहा वर्षांत तिला नावाने कुणी हाक मारली नव्हती.

“नको,” ती म्हणाली. “घरीच येऊ देत. येणाऱ्याला सांगा, मोठ्याने माझं नाव घे. मी ओ देईन.”