आधी ‘कोण आहे?’ म्हणा

हॉलिस टॅडलॉक यांच्या स्वयंपाकघरात चमच्यांच्या खणात हल्ली पिस्तूल असायचं. शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र चोरीला गेलं, तेव्हापासून. अलाबामातलं ते गाव एरवी इतकं शांत की कुत्रीही कंटाळून भुंकायची. पण भीती एकदा घरात शिरली की ती खुर्ची ओढून बसतेच.

जावई कर्बी रविवारी जेवायला आला की आगीत तेल ओतायचा.

“बाबा, घर तुमचं आणि कायदाही तुमच्याच बाजूचा. कुणी आत घुसला की उडवायचा. कोर्टात तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही.”

“दारात आलेला प्रत्येक जण चोरच का रे?” हॉलिसची बायको लरलीन बटाटे वाढता वाढता म्हणाली.

“आई, विचारत बसलं तर तो डाव साधेल की.”

“कायदा याला तुरुंगातून सोडवेल, कर्बी. पण मेलेल्याच्या आईसमोर उभं राहायचं झालं तर कायदा येणार आहे याच्या सोबतीला?” मग ती नवऱ्याकडे वळली. “हे बघ हॉलिस, दार लाव, पोलिसांना बोलाव, हवं तर पिस्तूल धर. पण आधी तोंड उघड. ‘कोण आहे?’ एवढं विचारताना जीभ झडणार आहे का तुझी?”

हॉलिस ‘हं’ म्हणाले. नवरे म्हणतात तसंच ते ‘हं’ होतं.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, स्वयंपाकघराच्या दाराची मूठ फिरली. कुणी दार वाजवलं नव्हतं. त्या दारानं फक्त घरची माणसं येत, आणि घरचं कुणी येणार नव्हतं. दाराच्या काचेवरच्या पडद्यामागे एक उंच सावली होती आणि तिच्या हातात काहीतरी गुंडाळलेलं होतं.

हॉलिसचा हात खणात कधी गेला, त्यांनाच कळलं नाही. दार वीतभर उघडलं. त्यांनी नेम धरला, बोट चापावर टेकलं. कानात कर्बी ओरडत होता, उडवा, उडवा. आणि त्या आवाजातून बायकोचा टोमणा वर आला.

“कोण आहे?”

“मी लूशियस पेटवे, काका.” दार जागीच थांबलं. “आईनं मॅकरोनी पाठवलीय. गरम आहे, कुठं ठेवू?”

एवढं म्हणून त्या कृष्णवर्णीय तरुणानं आत पाहिलं, आणि टॉवेलात गुंडाळलेलं भांडं छातीशी धरून तो थिजला.

आवाज ऐकून लरलीन आली. तिनं आधी नवऱ्याच्या हातातलं पिस्तूल काढून घेतलं आणि मग तरुणाच्या हातातलं भांडं.

“पेटवेंकडे मयत झालीय, तिकडे निघालास ना बाळा? ते घर पलीकडच्या गल्लीत.”

“पण पुढच्या दारावर पांढऱ्या फुलांचं गोल कडं...”

लरलीननं कपाळावर हात मारला. त्या भागात मयत झालेल्या घरी पुढच्या दारावर तसं कडं लावतात. लोक जेवण घेऊन मागच्या दारानं थेट आत येतात. दुःखातल्या माणसांना उठून दार उघडायला लागू नये, म्हणून कुणी दार वाजवत नाही. लरलीननं मात्र ते कडं निव्वळ शोभेसाठी टांगलं होतं! परगावहून आलेला लूशियस बिचारा रीत पाळत होता.

हॉलिस खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडले.

“पोरा, मी तुला मारलं असतं रे.”

“पण तुम्ही विचारलंत, काका,” लूशियस म्हणाला.

पुढच्या रविवारी कर्बी म्हणाला, “गोळी सुटली असती तरी तुम्ही सुटला असतात, बाबा.”

“कशातून सुटलो असतो, तेवढं सांग,” हॉलिस म्हणाले. कर्बीनं बटाट्यांचं भांडं पुढे ओढलं.

मयतीच्या घरची भांडी ज्याची त्याला पोचवायची असतात. लूशियसच्या आईचं भांडं हॉलिसनी पेटवेंकडून मागून घेतलं. रिकामं परत करायचं नाही म्हणून लरलीननं त्यात गोड भाजलेली रताळी भरली आणि टॉवेलात गुंडाळून दिली. शेजारच्या गावी, त्या माउलीच्या मागच्या दाराशी ते उभे राहिले. अनोळखी गल्लीत, अनोळखी दारात, काखेत काहीतरी गुंडाळलेलं. त्यांनी दार वाजवलं.

“कोण आहे?” आतून आवाज आला.

इतका गोड आवाज हॉलिसनी जन्मात ऐकला नव्हता.

“मी हॉलिस टॅडलॉक, बाई. तुमचं भांडं आणलंय.”

दार सताड उघडलं. लूशियसच्या आईंनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं आणि त्यांचे दोन्ही हात धरले. “आमच्या काळ्या पोरांना सहसा कुणी आधी ‘कोण आहे?’ विचारत नाही हो,” त्या म्हणाल्या. “तुम्ही विचारलंत, म्हणून माझा लूशियस आत जेवायला बसलाय. या, तुमचंही पान मांडते.”

मंडळी, गोळी झाडायची मुभा कायदा देईल. पण दाराबाहेर कुणाचा तरी लूशियस उभा आहे, हे कायदा सांगत नाही. ते आपणच विचारायचं असतं. हॉलिसनी विचारलं, आणि पुढे एका आईच्या टेबलावर दोन लेकरं पोटभर जेवली, त्यातलं एक सत्तरीचं होतं.