चाकाचा एक दात

मानसिंगतात्यांना उभ्या आयुष्यात दोनच गोष्टींचा तिटकारा होता. एक फुकटचा सल्ला आणि दुसरा लोखंडावरचा गंज. त्यामुळे नात रेश्मानं मोबाइलवर फोटो दाखवला तेव्हा त्यांचं पित्तच खवळलं. फोटोत तिच्या विद्यापीठाच्या आवारातलं नवं शिल्प होतं. माणसाच्या दुप्पट उंचीचं एक दातेरी चाक, हिरवळीवर उभं केलेलं आणि वरपासून खालपर्यंत गंजून लाल झालेलं.

"आमच्या कारखान्याचं चाक हाय हे," तात्या म्हणाले. "कुनी केली ह्याची ही दशा?"

इंदापूरकडच्या एका साखर कारखान्यात तात्या एकतीस वर्षं ऑइलमन होते. ऊस चिरडणारी मिल ज्या चाकांवर फिरते, त्यांना वंगण घालणं हे त्यांचं काम. त्या कामाची एक सवय अंगात मुरली होती. सदऱ्याची बाही कायम कोपराच्या वर घट्ट दुमडलेली. लग्नकार्यातसुद्धा ती खाली यायची नाही आणि रेश्माची आजी त्यावरून जन्मभर चिडवत आली. तात्या निवृत्त झाले, मागून जुनी मिल मोडीत निघाली, आणि ते चाक कुठं गेलं हे त्यांना कुणी कळवलं नाही. एका ऑइलमनला कोण कशाला कळवतंय!

दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, तात्या आपल्या गावाहून, पिंपळीहून, आवारात हजर झाले. चाकाला फेरी मारली. मागच्या बाजूला, भिंतीकडं, खाली वाकून एकेक दात चाचपत गेले आणि हवं ते सापडलं. एक दात बाकीच्यांहून वेगळा होता, बुडाशी जोडाचा जाड वण असलेला. तात्यांनी त्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

पुढच्या गुरुवारी ते पिशवीत तारेचा ब्रश, चिंध्या आणि ग्रीसचा डबा घेऊन आले. म्हातारा इतक्या सराईतपणे कामाला लागला की वॉचमन दीपकला वाटलं, वरूनच माणूस लावलाय. त्यानं उलट चहा पाजला. आणखी दोन गुरुवार गेल्यावर विभागप्रमुखांची नजर गेली, तेव्हा मागचे पाच-सहा दात लखलखत होते. त्यांनी कपाळाला हात लावला. गंज हाच या शिल्पाचा रंग आहे, कृपया हात लावू नये, अशी चांगली ठळक पाटी समोर होती. तात्यांनी ती वाचलीही होती. पण गंजाला कुणी मुद्दाम रंग म्हणेल, हे त्यांच्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं. चाक पुसायचा कंटाळा आलेल्या माणसानं लावलेली पाटी, असं ठरवून ते मोकळे झाले होते.

शिल्पकार माधवीताई शनिवारी पुण्याहून येणार होत्या. त्या सांगतील तसं करायचं, आणि तोवर म्हाताऱ्याला फाटकाच्या आत सोडायचं नाही, असं ठरलं.

"तात्या, माफी मागा आन् विषय मिटवा," रेश्मा म्हणाली. "परत तिकडं जायचंच कशाला?"

"माफी मागतो की. पर त्यांनी कायमचं फाटक बंद केलं, तर मी काय करू?"

"एवढं काय हाय त्या चाकात?"

तात्यांनी ताट बाजूला सारलं आणि ते हात धुवायला उठले.

शनिवारी रेश्मा त्यांना घेऊन गेली. माधवीताई पन्नाशीच्या, बोलायला फटकळ. "आजोबा, इथं आणण्याआधी हे चाक तीन पावसाळे माझ्या अंगणात भिजलंय, तेव्हा हा रंग चढला," त्या म्हणाल्या. "तुम्ही तीन गुरुवारांत साफ केलात. का?"

"चुकलं, बाई. गंज बघवला न्हाय." तात्यांनी रेश्माकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "एक सांगतो. आजवर घरातबी सांगितलं न्हाय."

त्यांनी तो जोडाचा दात दाखवला.

"माजा पयलाच हंगाम. हिचा बाप पाळण्यात. सैल बाही घालून चाकापाशी जायाचं न्हाय, असा नियम व्हता. मी गेलो. बाही दातांत घावली आन् चाक मला आत वढाय लागलं. वरडाय गेलो तर आवाजच फुटंना. तेवढ्यात दुसऱ्या हातातला पाना निसटून दातांत पडला. ह्यो दात मोडला आन् चाक जाग्याव थांबलं. इथवर." त्यांनी उजव्या मनगटाच्या वर बोट टेकवलं. "नोकरी जाईल म्हनून फाटकी बाही लपवली. समद्यांना वाटलं, दात झिजून मोडला. फिटरनं नवा बसवला. माजा हात राहिला, त्याचा दात गेला. पुढं तीस वर्सं मी ह्या दाताला दुसऱ्या कुनाला हात लावू दिला न्हाय. कुनाला सांगून उपकार मानता येईना, म्हनून ग्रीस लावत बसलो."

रेश्मा त्यांच्या दुमडलेल्या बाहीकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिनं पुसलंही नाही.

माधवीताईंनी खाली वाकून दात नीट पाहिला. "हा दात वेगळा दिसतो म्हणून मला आवडत नव्हता," त्या म्हणाल्या. "मीच तो भिंतीकडं फिरवून बसवला." मग त्या मागं उभ्या असलेल्या दीपककडं वळल्या. "बाकीचं चाक माझं, त्याला आजोबांनी हात लावायचा नाही. हा एक दात त्यांचा. त्यांना कधीही आत सोडायचं."

तात्यांनी हात जोडले. त्यांना बोलायचं होतं, पण आजही आवाज फुटेना.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घराघरांत अवजारं पुजली जातात. तात्या रेश्मासोबत नारळ आणि झेंडूची माळ घेऊन आवारात आले, आणि सवयीनं मागं भिंतीकडं निघाले.

"तात्या, तिकडं न्हाय," दीपकनं हाक मारली. "हिकडं या."

दोनच दिवसांपूर्वी क्रेन आली होती. चाक फिरवून पुन्हा बसवलं होतं. जोडाचा तो दात आता पोरांच्या जाण्यायेण्याच्या वाटेकडं, तात्यांच्या छातीच्या उंचीवर होता. आता वाकायची गरज नव्हती.

तात्यांनी कुंकू लावलं, माळ घातली, नारळ फोडला. "लई उपकार झालं बाबा," ते चाकाला मोठ्यानं म्हणाले. येणारीजाणारी पोरं थांबून बघत होती, आणि तात्यांना त्याची लाज वाटली नाही. त्यांनी पिशवीतून ग्रीसचा डबा काढला, तेव्हा रेश्मा पुढं झाली. उजवी बाही जराशी सैल झाली होती. तिनं ती कोपराच्या वर दुमडली, एकदा, दोनदा, घट्ट.

"हं, आता लावा," ती म्हणाली.